वऱ्हाडातले रूळ, कापसाच्या गाठी आणि देशाचे ऐक्य

कापूसवाट (दारव्हा तालुका)

आमच्या तालुक्यात मागच्या महिन्यात शालेय वक्तृत्व स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून मी बसलो होतो. नववीतली एक मुलगी फार चांगली बोलली, पण भाषणाच्या मध्यावर तिने ठासून सांगितले की इंग्रजांनी रेल्वे आणली म्हणून भारत एक देश झाला. आम्हीही तिच्या वयात हेच वाक्य पाठ केले होते, त्यामुळे तिला दोष देण्याचा प्रश्नच नाही. मात्र त्या मुलीच्या घरापासून अर्ध्या कोसावर शकुंतला या अरुंद मार्गावरच्या आगगाडीचे रूळ गवतात बुडालेले आहेत आणि त्यांवरून धावणारी गाडी तिला आठवतही नसेल. त्याच रुळांकडे नीट पाहिले तर ते वाक्य इतक्या सहज उच्चारता येणार नाही, असे मला तेव्हापासून सारखे वाटत आहे, म्हणून हा धागा काढतो.

सुरुवात एका वर्षापासून करतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी मे महिन्यात निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघोजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी त्यांचे राज्य खालसा झाले. या सर्व घटनांच्या वेळी गव्हर्नर जनरल एकच होता, तो म्हणजे डलहौसी. रेल्वेविषयीचे त्याचे प्रसिद्ध टिपणही १८५३ सालचेच आहे. त्यात फौजा वेगाने हलवता येतील हा एक मुद्दा आहे आणि इंग्लंडला हवा असलेला कापूस बंदरापर्यंत आणता येईल हा दुसरा. वऱ्हाडची काळी जमीन आणि ती बंदराशी जोडणारे रूळ यांचा विचार त्या काळी एकत्रच होत होता, हे या तारखांवरून उघड होते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या शेतांकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मुख्य मार्ग सरळ नेल्यामुळे खामगाव आणि अमरावती या कापसाच्या दोन मोठ्या बाजारपेठा बाजूला राहिल्या होत्या. तेव्हा जलंबहून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरची आणि बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत सुमारे १० किलोमीटरची शाखा टाकण्यात आली. खामगावच्या शाखेच्या उद्घाटनाला १८७० मध्ये स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉयने इतका प्रवास करावा, यावरून त्या गाठींचे मोल कळते.

हा पैसा कोणाचा होता, हेही सांगायला हवे. १८४९ च्या करारांपासून कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जात असे आणि त्या महसुलात आमच्या कास्तकारांचा शेतसाराही होता. मालवाहतुकीचे दर असे ठरवले जात की देशातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी माल पाठवण्यापेक्षा बंदराकडे जाणारा आणि बंदरातून येणारा माल स्वस्तात जाई. नागपूर आणि उमरेडच्या कोष्ट्यांच्या दारात मँचेस्टरचे कापड उतरले ते याच रुळांवरून. जोडणे हा शब्द आपण वापरतो, तेव्हा कोणाला कोणाशी जोडले हे विचारावेच लागते.

आता शकुंतलेकडे येतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर असा हा अरुंद मार्ग गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाकला गेला. मुख्य मार्गाच्या रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर आणि शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर, म्हणून यवतमाळ, दारव्हा, कारंजा येथल्या गाठी मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसरीत हलवाव्या लागत. यवतमाळहून वर्धा सडकेने ७० किलोमीटरच्या आत आहे. पण यवतमाळच्या माणसाला आगगाडीने वर्ध्याला जायचे असेल तर त्याला आधी उलट दिशेने ११३ किलोमीटर मूर्तिजापूर गाठावे लागे आणि तेथून बडनेऱ्यावरून परत पूर्वेकडे यावे लागे. एकूण प्रवास सुमारे अडीचशे किलोमीटरचा. शेजारच्या जिल्ह्याला जाण्याची सोय त्या आखणीत नव्हतीच, कारण गाठींना वर्ध्याला जायचे नव्हते, त्यांना मुंबईच्या गोदीत जायचे होते.

एवढे असूनही रेल्वेमुळे माणसे एकमेकांच्या जवळ आली हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की रुळांची दिशा ठरवणारे लोक आणि त्या रुळांवरून ऐक्याचे काम करून घेणारे लोक वेगळे होते, आणि श्रेय ऐक्याचे काम करून घेणाऱ्यांना मिळायला हवे. जाणकारांनी आपली मते आणि आपल्या भागातली माहिती द्यावी, ही विनंती.

पूर्णाकाठ

कापूसवाट साहेब, आपण मांडलेला आर्थिक भाग मला मान्य आहे. दादाभाई नौरोजींपासून हे मांडले गेले आहे. तरी मला असे वाटते की आपण दुसऱ्या बाजूला फार थोडी जागा दिली.

काँग्रेसचे अधिवेशन १८९१ मध्ये नागपूरला भरले आणि १८९७ मध्ये अमरावतीला भरले. मद्रास, बंगाल, पंजाब येथले प्रतिनिधी डिसेंबरच्या आठवडाभरात अमरावतीला येऊन परत जाऊ शकले, हे बडनेऱ्याच्या त्याच लहान शाखेमुळे, जी आपण म्हणता त्याप्रमाणे गाठींसाठी टाकली होती. १९२० च्या नागपूर अधिवेशनाला १४,००० हून अधिक प्रतिनिधी आले आणि असहकाराचा ठराव तेथे कायम झाला. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे घेतली आणि प्रांताप्रांतांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत राहिल्या व तुरुंगात जात राहिल्या. कोणत्या तरी दूरच्या शहरात एक झेंडा अडवला म्हणून गुजरातचा किंवा बिहारचा तरुण घर सोडून निघतो, ही गोष्ट बैलगाडीच्या युगात कशी घडली असती?

वेळेचे उदाहरणही ध्यानात घ्यावे. पूर्वी प्रत्येक शहराची घड्याळे तेथल्या सूर्याप्रमाणे चालत आणि रेल्वे मात्र सगळीकडे मद्रासची वेळ पाळत असे. १९०६ पासून देशासाठी एकच प्रमाणवेळ आली. ती सर्वत्र लगेच स्वीकारली गेली नाही, मुंबईने आपली वेगळी वेळ पुढे कितीतरी वर्षे जपली. पण आमच्या लहान स्टेशनावरच्या गावकऱ्याला कलकत्त्याच्या माणसाबरोबर एकाच घड्याळाची सवय लागली ती गाडीच्या वेळापत्रकाने.

आणखी एक गोष्ट माझ्या घरातली आहे. माझे पणजोबा पायी पंढरीला जात. माझे आजोबा शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला आगगाडीने जाऊ लागले, पुढे नाशिकला गेले आणि म्हातारपणी काशीलाही जाऊन आले. काशी हा शब्द आमच्या घरात कथेतून येत असे, तो त्यांच्या पिढीपासून तिकिटावर छापून येऊ लागला.

तांड्यावरून (मानोरा तालुका)

दोन्ही प्रतिसाद मी काळजीपूर्वक वाचले. पूर्णाकाठ सरांनी विचारले आहे की बैलगाडीच्या युगात हे कसे घडले असते. त्या युगात देश कोण जोडत होते, हे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण ते काम माझ्या पूर्वजांनी केले.

आम्ही गोर बंजारा. रूळ येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लदेणीच्या, म्हणजे माल लादून नेणाऱ्या, बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे, ५०० मैलांहून जास्त वाट, आणि तेथून नदीने कलकत्त्याला. १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांवर लादलेला कापूस पाठवल्याचे सांगितले जाते, असा उल्लेख इंग्रजांच्याच गॅझेटियरमध्ये आहे. आकडा थोडा फुगवलेला असेल असे कोणी म्हणेल, पण ती वाट होती आणि त्या वाटेवर तांडे होते याविषयी दुमत नाही. परतताना बैलांवर मीठ आणि धान्य असे. वाटेतले पाणवठे, कुरणे, घाट, नदीचे उतार आमच्या नायकांना पाठ असत. आजही यवतमाळ जिल्ह्यातल्या तांड्यावरचा माणूस तेलंगणातल्या किंवा कर्नाटकातल्या तांड्यावर गेला तर गोरबोलीत बोलतो आणि त्याला परके वाटत नाही. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनाला जे लोक येतात, त्यांची राज्ये मोजून पाहावीत. ही एकता कोणत्याही कंपनीने टाकलेल्या रुळांवरून आलेली नाही.

१८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली आणि काही वर्षांत लदेणी संपली. मीठही गाडीने येऊ लागले. ज्यांचे सारे जगणे चालण्यावर होते, त्यांना थांबावे लागले. आणि १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, ज्याच्या कचाट्यात पुढे आमच्यासारखे अनेक फिरते समाज आले. काल देशाचा माल वाहणारा माणूस आज गावाच्या वेशीवर संशयित ठरला. रुळांसाठी मातीचे भराव ज्या वडार बांधवांनी घातले, त्यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. कापूसवाट दादा, आपण श्रेयाचा प्रश्न विचारलात. तो विचारताना किंमत कोणी दिली हाही प्रश्न त्याच ओळीत लिहावा, अशी माझी विनंती आहे.

पूर्णाकाठ

तांड्यावरून यांचे मनापासून आभार. मिर्झापूरच्या वाटेविषयी मी वाचले होते, पण माझ्या प्रतिसादात तिला जागा दिली नाही, ही माझी चूक झाली. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये जवळपास हेच म्हटले आहे : रेल्वे येण्याआधीही आपण एक होतो, आपले थोर लोक पायी किंवा बैलगाडीने देश हिंडले, एकमेकांच्या भाषा शिकले, आणि रामेश्वर, जगन्नाथपुरी, हरिद्वार ही क्षेत्रे देशाच्या टोकांना वसवण्यामागे तीच दृष्टी होती. मी आजवर ते मत अतिशयोक्तीचे मानत आलो. आज तसे म्हणताना थांबतो आहे.

वैनगंगेपलीकडे (आरमोरी)

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात आजवर गाडी येते ती देसाईगंज म्हणजे वडसा या एकाच स्टेशनात. गोंदियाहून चांद्याकडे जाणारा हा मार्ग बंगाल नागपूर कंपनीने अरुंद रुळांचा टाकला होता आणि तो पुढे कितीतरी वर्षांनी रुंद झाला. जंगलातले सागवान इथून गेले, इथली माणसे मात्र फारशी कुठे गेली नाहीत. रुळांनी ऐक्याचे माप लावायचे ठरवले तर आम्ही देशात फार उशिरा आलो असे म्हणावे लागेल. पण बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली ती २१ ऑक्टोबर १८५८ रोजी. तेव्हा नागपूरलाही गाडी नव्हती आणि चांद्याच्या बाजूचे वरोरा स्टेशन व्हायला अजून बरीच वर्षे होती. उत्तर हिंदुस्थानात ज्या सत्तेशी लढाई चालली होती, त्याच सत्तेशी गोंड तरुण इथे लढत होते.

सरकी (हिंगणघाट तालुका)

मी एक वेगळी बाजू मांडते. आगगाडीने जातीपाती मोडल्या असे अनेकदा लिहिले जाते. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोणी कोणाची जात विचारून बसत नसे आणि कंपन्यांनी जातवार डबे केले नाहीत, हे खरे आहे. पण फलाटावर उतरले की ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे रांजण असत. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणची आठवण लिहून ठेवली आहे. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ती मुले मसूर स्टेशनावर उतरली, स्टेशनमास्तरने विचारपूस केली आणि ती महार आहेत असे कळताच तो दूर सरला. पुढे गाडीवानही मिळेना. गाडीने त्या मुलांना मसूरपर्यंत आणले, पण मसूरहून पुढची वाट समाजाच्या हाती होती.

असे असले तरी माझ्या आजीला आगगाडीविषयी फार माया होती, आणि तिचे कारण एकच दिवस होता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेसाठी ती हिंगणघाटहून वर्ध्याला गाडी बदलून नागपूरला गेली. भाकरीचे गाठोडे, कडेवर माझे काका आणि पांढरे लुगडे एवढेच तिच्याजवळ होते. ती सांगे की वर्ध्याला डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, खानदेशातल्या बाया आधीच बसून आल्या होत्या, त्यांची बोली तिला अर्धीच कळली, तरी दोन्हीकडची गाणी एकाच माणसाची होती. नागपूरपर्यंत कोणी कोणाला परके मानले नाही. ज्या मार्गाने मँचेस्टरचे कापड आले त्याच मार्गाने ती गेली. कोष्ट्यांचे जे झाले ते मला ठाऊक आहे, तरी आजीच्या त्या प्रवासाचे मोल मी कमी करू शकत नाही. आजही दसऱ्याला नागपूरसाठी जादा गाड्या सुटतात आणि आमच्या वस्तीतले लोक त्यांची वाट वर्षभर पाहतात.

कापूसवाट (दारव्हा तालुका)

सरकी ताई, आपला प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. तांड्यावरून दादांची सूचनाही मी स्वीकारतो. मूळ लेखात लदेणीचा उल्लेख नसणे ही मोठी उणीव होती, विशेषतः आमच्या तालुक्यात इतके तांडे असताना.

पूर्णाकाठ सरांच्या मुद्द्याला एक जोड देतो. १८९१ किंवा १८९७ मध्ये नागपूरचा मुख्य मार्ग मुंबई ते कलकत्ता असाच, पूर्व-पश्चिम होता. दिल्लीहून मद्रासला जाणारा सरळ मार्ग इथून तयार झाला तो नागपूर–इटारसी आणि बल्लारशाह–काझीपेठ हे टप्पे १९२० च्या दशकात पुरे झाल्यावर. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस १९२९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर वर्धा हे देशाच्या दोन्ही मोठ्या वाटांवरचे ठिकाण झाले. गांधीजी वर्ध्याला आले ते जमनालालजींच्या आग्रहामुळे, पण १९३६ पासून सेवाग्रामसारख्या खेड्यात बसून देशाचे राजकारण चालवणे शक्य झाले, त्याला वर्ध्याच्या स्टेशनाचाही आधार होता. १४ जुलै १९४२ रोजी कार्यकारिणीने इंग्रजांनी चालते व्हावे हा ठराव वर्ध्यातच केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी फौजा हलवण्याचा हिशेब करून आखलेल्या मार्गावरून हे नेते आले आणि गेले.

दुष्काळाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून दोन वाक्ये लिहितो. रेल्वेने टंचाईच्या भागात धान्य पोहोचले आणि जीव वाचले, ही गोष्ट १८९९–१९०० च्या दुष्काळापुरती काही अंशी खरी आहे. पण १८७६–७८ मध्ये दक्षिणेत माणसे मरत असताना धान्य बंदरातून बाहेर जात होते, आणि ज्याच्या हातात पैसाच नाही त्याच्या गावच्या स्टेशनात उतरलेले धान्य त्याच्या चुलीपर्यंत जात नाही.

गँगनाका (बडनेरा)

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे आणि सहसा लिहीत नाही. सर्वांनी रेल्वे हा शब्द असा वापरला आहे की जणू ती एकच होती, म्हणून लिहितो.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात चाळीसहून अधिक वेगवेगळ्या रेल्वे होत्या आणि त्यांतल्या बहुतेक संस्थानांच्या होत्या. कुठे रुंद रूळ, कुठे मीटर मापाचे, कुठे अरुंद. ग्रेट इंडियन पेनिन्सुला ५ नोव्हेंबर १९५१ रोजी निजाम, शिंदे आणि धोलपूर या संस्थानांच्या रेल्वेंबरोबर एक झाली आणि मध्य रेल्वे तयार झाली. म्हणजे देश एक झाल्यावर चार वर्षांनी आमची रेल्वे एक झाली. नागपुरात आजही मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे असे दोन वेगळे विभाग आहेत, त्याचे मूळ पश्चिमेकडून आलेली पेनिन्सुला आणि पूर्वेकडून आलेली बंगाल नागपूर या दोन कंपन्यांत आहे. कंपन्या जाऊन पाऊणशे वर्षे होत आली तरी ही रेघ राहिली.

शकुंतलेबाबत सांगायचे तर त्या एकत्रीकरणात ती आलीच नाही. गाडी सरकारी रेल्वे चालवत असे, पण मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे राहिली. १९२१ चे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होते. ते इंजिन मूर्तिजापूरला पाणी भरताना मी अनेकदा पाहिले आहे.

कापूसवाट (दारव्हा तालुका)

गँगनाका काका, आपण लिहिलेले मला ठाऊक नव्हते. ती मुलगी आता जिल्हा पातळीवर बोलणार आहे. मी तिला हा धागा वाचायला दिला आणि भाषणात काय ठेवायचे ते तिचे तिनेच ठरवावे असे सांगितले. तिने जुने वाक्य खोडले आहे. सुरुवात ती यवतमाळहून वर्ध्याला मूर्तिजापूरवरून जाण्याच्या त्या अडीचशे किलोमीटरच्या फेऱ्याने करणार आहे, आणि मिर्झापूरच्या वाटेविषयी तिला आणखी माहिती हवी आहे. तांड्यावरून दादा, आपल्याकडे लदेणीच्या मुक्कामांची नावे कोणा जुन्या माणसाला आठवत असतील तर कृपया इथे लिहावीत.

तांड्यावरून (मानोरा तालुका)

आमच्या तांड्यावर नव्वदीच्या एक आजी आहेत. त्यांच्या लदेणीच्या गाण्यांत मुक्कामांची नावे येतात. रविवारी त्यांच्याजवळ बसून लिहून घेतो. मुलीला सोबत पाठवलेत तर आजींना जास्त आवडेल.